मटारांवरची झोळी

नाना, पोरगी काल पुण्याहून आली आहे. तुम्ही जिला चिमणे म्हणायचात ती. तिचा मुलगा आता दोन वर्षांचा झाला आणि उद्या पहाटे आम्ही चौघं गाडीनं निघणार आहोत, ती, तिचा नवरा, छोटा आणि मी. आधी मेळघाट, मग तिथून पचमढी. तिनं मोबाइलवर रस्ता काढून दाखवला. मालेगाव, धुळं, जळगाव, भुसावळ करत निळी रेघ वर डोंगरात शिरली तेव्हा मी चष्मा काढून पुसत बसले. ती म्हणाली, आई, मी तिथं लहानपणी गेलेय ना गं, मला काहीच आठवत नाही. कसं आठवेल? तेव्हा ती आता तिचा मुलगा आहे एवढी होती. दुपारची जेवणं झाली, सगळे आडवे झालेत, आणि मी स्वयंपाकघरात पाट घेऊन हे लिहायला बसले आहे. त्या प्रवासात आपण पाच जण होतो. आई गेली, हे गेले, तुम्ही तर कधीचेच. उरलेल्या दोघींपैकी एकीला आठवत नाही. म्हणजे त्याबद्दल बोलायचं तर मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

तुमचा अबोला आधी सांगते, कारण सगळं त्यावरच होतं. मखमलाबादच्या रस्त्याला आपला मळा, अर्ध्यात भाजी आणि अर्ध्यात झेंडू-शेवंती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सातपूरच्या कारखान्यांतली माणसं मशीनच्या पूजेसाठी फुलं न्यायला बाजारात यायची, त्यांतच हे यायचे. मालेगावकडचे, लेथवर काम करणारे. पहिल्या वर्षी तुम्हीच त्यांना झेंडू तोलून दिलात आणि वर मूठभर जास्त टाकलात, पोरगा मशीनला हार घालतो म्हणून. तुम्हाला ते फार आवडलं होतं. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्याशी लग्न केलं, कचेरीत सही करून, तेव्हा तुम्हाला आधीचं काही आवडलेलं आठवेना. जात वेगळी, जमीन नाही, आणि निफाडच्या द्राक्षबागायतदाराकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेला. तुम्ही मला काही बोलला नाहीत. त्यांच्याशी मात्र अजिबात बोलला नाहीत. मूल झाल्यावर आमच्या सातपूरच्या खोलीवर यायला लागलात, पोरीला मांडीवर घ्यायचात, पण दार उघडणाऱ्या माणसाकडे बघायचा नाहीत. आणि माणसाला दोन शब्द तरी बोलावेच लागतात, मग तुम्ही ते पोरीला सांगायचात. ‘चिमणे, तुझ्या बापाला सांग, नळ गळतोय.’ पोरगी सहा महिन्यांची. हे नळाला सूत गुंडाळत गुंडाळत पोरीलाच उत्तर द्यायचे, की आजोबांना सांग, उद्या वायसर बदलतो. मला आधी हसू यायचं. मग यायचं थांबलं. हे कधी माझ्यापाशी तक्रार करत नसत, फक्त एकदा म्हणाले होते, त्यांनी एकदा शिवी जरी दिली ना, तरी चालेल मला.

प्रवास आईमुळे झाला. तिचे वडील जंगलखात्यात राखणदार होते आणि सेमाडोहच्या बाजूला एका नाक्यावर तिचं लहानपण गेलं होतं, हे आम्हा मुलांना माहीत होतं, पण तिला तिथं परत जायचं असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या वर्षी थंडी सरता सरता ती भाजी निवडताना तुम्हाला म्हणाली, तुमचा टेम्पो सगळ्या बाजारांना जातो, माझ्या माहेराची तेवढी वाट त्याला सापडत नाही. तुम्ही म्हणालात, टेम्पो जुना झालाय, घाटात बसला तर काय करायचं. आई म्हणाली, ‘बसला तर उठवणारा हाय की घरात. त्यालाबी घ्या संगं.’ मला तेव्हाच कळलं की हिनं हे आधीपासून ठरवून ठेवलं होतं. यांनी जंगलखात्याला अर्ज धाडून दोन्हीकडच्या विश्रामगृहांत खोल्या मिळवल्या, कारखान्यातून रजा काढली, टेम्पोचे ब्रेक, पट्टे सगळं एका रविवारी मळ्यात येऊन बघितलं. तुम्ही त्या दिवशी मुद्दाम पाणी भरायला लांबच्या वाफ्यात गेलात.

निघायच्या पहाटे मी बघते तर टेम्पोत मटारची पोती, गाजरं, फ्लॉवरच्या पाट्या. आपण फिरायला निघालोय नाना, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, रिकामी गाडी न्यायची नाय. मी म्हटलं, रिकामी कुठं, पाच माणसं आहेत. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मला काहीच शिकवलं नाही. ‘माणसं म्हंजी काय माल हाय का?’ भुसावळच्या बाजारात उतरवू म्हणालात. मग केबिनमध्ये तुम्ही, आई आणि मी, आणि जागा संपली. लग्न झालेल्या लेकीचा नवरा, ज्याला पाट मांडून जेवायला वाढायचं असतं, तो मागं मटारच्या पोत्यांवर बसला. आई तुमच्याकडे बघत होती. हे मात्र हसत चढले, आणि ताडपत्रीच्या कमानींना आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून पोरीला तिच्यात ठेवलं. मला अजून दिसतं, टेम्पो वळला की झोळी हळूच एका बाजूला जाते आणि परत येते, आणि खाली मटारांचा हिरवा वास.

धुळं ओलांडल्यावर ऊन लागायला लागलं. खानदेशातलं ऊन होळीच्या आधीच तापतं. तुम्ही रस्त्याकडेला टेम्पो थांबवलात, गोणपाटं विहिरीत बुडवून आणलीत आणि कोथिंबिरीच्या जुड्या झाकतो तशी झोळीच्या भोवती बांधलीत. दर दोन-तीन गावांना थांबून त्यांच्यावर पाणी मारायचात. चिमणी आत गार झोपायची, कपाळावर घामाचा टिपूस नाही. पुढं दवाखान्यातल्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बाळाला ओलसर ठेवू नये. आपल्याला कोण सांगणार? आपल्याला नाजूक गोष्ट टवटवीत ठेवायची ती एकच रीत माहीत होती.

केबिनच्या मागच्या बाजूला हातभर खिडकी होती, जाळीची. त्या खिडकीतून तुमचं बोलणं चाले. ‘चिमणे, तुझ्या बापाला सांग, पोत्याला टेकून बसू नको म्हणावं, शेंगा चेपत्यात.’ मागून यांचा आवाज यायचा, ‘तुना आजाले सांग, गाडी तपेल शे, जरा थांबाडा.’ घरी हे आमच्यासारखंच बोलायचे. तुम्हाला ते शे-शे आवडत नाही हे माहीत होतं म्हणून अहिराणी मुद्दाम काढायचे. आई पदर तोंडाला लावून हसायची. तुम्ही थांबवायचात मात्र. गाडीचं म्हणणं तुम्ही कोणाच्याही तोंडून ऐकायचात. भुसावळला निम्मा माल उतरला. उरलेला तुम्ही उतरू दिला नाहीत, भाव पडला होता म्हणून. पुढं धारणीला बघू म्हणालात. धारणीला त्या दिवशी बाजारच नव्हता. असे आपण मटार घेऊन जंगलात शिरलो.

जंगलात आई बदलली. सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा, आणि ही खिडकीतून मान काढून झाडांची नावं सांगत होती. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्हीही नसावं, कारण तुम्ही टेम्पो फार हळू चालवायला लागलात. पुढं तपासणी नाक्यावर मोठी पाटी होती. सातवीनंतर तुम्ही माझी शाळा सोडवलीत, पण रद्दीच्या कागदात फुलं बांधताना तो कागद वाचून दाखव म्हणून आधी मलाच सांगायचात. मला वाचायची सवय लागली ती तिथंच. नंतर हे सातपूरच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे. तर पाटी मी वाचली. मोठ्यानं हॉर्न वाजवू नये, विस्तव करू नये, वन्य प्राण्यांना खायला देऊ नये. तुम्ही म्हणालात, आपण कुठं देतोय, आपण इकतोय. आणि स्वतःच हसलात.

सेमाडोहला विश्रामगृहाच्या आवारात टेम्पो लावला तेव्हा दुपार होती. पोरगी झोळीत झोपलेलीच होती, तिला उठवायचं नाही म्हणून आम्ही तिला तशीच ठेवली आणि टेम्पोचा मागचा फाळका उघडा टाकला, हवा लागू दे म्हणून. हे चार पावलांवर टेम्पोचं पुढचं चाक बघत होते. आई आणि मी पाणी भरायला नळाशी, तुम्ही चौकीदाराशी बोलत. इतकंच. कोणी लांब गेलं नव्हतं. मी कळशी उचलून वळले तेव्हा वानरं टेम्पोच्या टपावर बसलेली दिसली, काळ्या तोंडाची, लांब शेपटांची, पाच-सहा असतील. आणि फाळक्यातून आत बघितलं तर सगळ्यांत मोठा हुप्प्या मटारच्या पोत्यावर बसला होता, झोळीच्या खाली, एका हातानं शेंगा सोलत होता आणि दुसरा हात झोळीच्या काठावर होता. आधाराला धरावा तसा. तो शेंगेसाठी वाकला की झोळी वाकायची.

यांनीही ते त्याच वेळी बघितलं. हातात टॉमी होता, चाकाचे बोल्ट खोलायचा तो लोखंडी दांडा. तो घेऊन हे फाळक्यासमोर उभे राहिले, आणि मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं की आता हे आत उडी घेणार. हुप्प्यानं शेंग टाकली आणि दात दाखवले. तुम्ही माझ्या शेजारी कधी आलात मला कळलं नाही. तुम्ही कधीच हळू बोलत नसायचात नाना, बाजारातला आवाज तुमचा, पण तेव्हा तुम्ही देवघरात बोलावं तसं बोललात.

‘जावईबापू. खाली करा त्यो दांडा.’

हे हलले नाहीत. मला वाटतं त्यांना कळलंच नाही की हे त्यांना म्हटलंय. दोन वर्षं सगळं पोरीच्या नावानं यायचं, आणि पोरगी तर झोपलेली.

‘तुमालाच म्हंतोय. दारातून बाजूला व्हा. तुमी वाट अडवलीय त्याची. त्याला जाऊ द्या, मग पोरगी आपलीच हाय.’

हे बाजूला झाले. एक पाऊल, मग आणखी एक. तुम्ही पायाशी पडलेलं गाजर उचललंत आणि टेम्पोपासून लांब, झाडाच्या बुंध्याशी टाकलंत, बाजारात गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकता तसं, न बघता. हुप्प्यानं तुमच्याकडे बघितलं. मग झोळीचा काठ सोडला, एक फ्लॉवर बगलेत मारला आणि आमच्या तिघांच्या मधून, घाई न करता, चालत गेला. झोळी दोनदा हलली आणि थांबली. हे आत चढले. पोरगी झोपलेलीच होती. यांनी तिला उचललं नाही, नुसतं झोळीच्या कडेला कपाळ टेकवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत आणि चौकीदाराला म्हणालात, चहा मिळंल का रं बाबा, दोन घोट. मग थोडं थांबून म्हणालात, एक बिनसाखरेचा, जावयांना साखर चालत नाय. हे तुम्हाला माहीत होतं! आमच्या खोलीवर तुम्ही कधी त्यांच्या कपाकडे बघितलंत?

त्या रात्री चौकीदार तुमच्यावर रागावला, योग्यच होतं ते, आणि उरलेले मटार तुम्ही मुकाट्यानं तिथल्या कामगारांच्या घरी वाटून टाकलेत. फुकट वाटताना मी तुम्हाला पहिल्यांदाच बघत होते. पुढचे दोन दिवस आपण आईच्या नाक्यावर गेलो, ती एका पडक्या चौथऱ्यावर बराच वेळ बसली आणि तिनं पोरीला मांडीवर घेऊन समोरचा डोंगर दाखवला. गवे बघितले, लांबून. तुम्ही मोहाची फुलं ओंजळीत घेऊन हुंगत बसलात आणि म्हणालात, याचा हार नाय व्हायचा. सगळं बरं चाललं होतं, पण तुम्ही दोघं परत गप्प झाला होतात. मला धाक वाटायला लागला की ते एवढ्यापुरतंच होतं, आता पुन्हा नळ, पुन्हा चिमणे सांग.

पचमढीकडे निघायच्या सकाळी हे नेहमीसारखे मागं चढायला गेले. तुम्ही आधीच तिथं होतात. रिकाम्या टेम्पोत, झोळीच्या खाली, दोन गोणपाटं टाकून पाय पसरून बसलेले. तुम्ही किल्ली त्यांच्यासमोर धरलीत. त्या टेम्पोचं स्टिअरिंग तुम्ही माझ्या भावालासुद्धा हातात दिलं नव्हतं. ‘घाट हाय. डोळं आता पैल्यासारखं ऱ्हायलं न्हाई,’ म्हणालात. डोळे तुमचे चांगले होते, सात-आठ वर्षांनी मोतीबिंदू निघाला तोपर्यंत. यांनी किल्ली घेतली. आणि तुमच्या लक्षात आलं का नाना, त्या दिवशी टेम्पो रिकामा होता. तुम्ही तो पहिल्यांदा रिकामा नेऊ दिलात.

सातपुड्यातला तो घाट मला वळणावळणानं आठवतो. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखे ताठ. आई मधे, मी खिडकीशी. खाली दरीत धुकं भरलेलं आणि वर ऊन. आणि मागच्या जाळीतून तुमचा आवाज येत होता, सारखा, खालच्या पट्टीत. तुम्ही पोरीशी बोलत होतात. मी एकदा वळून बघितलं. तुमचा एक हात झोळीच्या काठावर होता, त्या हुप्प्याचा होता तसाच, आणि ती जागी होती, तुमच्या मिशीकडे बघत होती. मला एवढंच ऐकू आलं, ‘चिमणे, तुझ्या बापाला सांग…’ आणि पुढचं इंजिनच्या आवाजात गेलं. तुम्ही बराच वेळ सांगत होतात. नळाएवढं छोटं नव्हतं ते. मधे एकदा थांबलात, नाक ओढलंत आणि परत सुरू केलंत.

पचमढीला उतरल्यावर मी यांना विचारलं, ऐकू आलं का तुम्हाला, नाना काय म्हणत होते. हे म्हणाले, नाही, गिअर बदलत होतो. मी म्हटलं, मी विचारू त्यांना? तर म्हणाले, ‘नको. तिला सांगितलंय ना, मला पोचलं.’

त्यानंतर तुम्ही दोघं साधं बोलायला लागलात. पाऊस, भाव, टेम्पोचे पट्टे. दर खंडेनवमीला हे झेंडू न्यायला मळ्यात यायचे आणि तुम्ही मूठभर जास्त टाकायचात. तुमच्या शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, पोरगी आठवीत होती आणि तुम्ही तिला म्हणालात, तुझ्या बापाला सांग, घरी जा, जेवून ये, किती बसशील. हे तिथंच खुर्चीत बसलेले, हातभर अंतरावर. पोरगी कधी तुमच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघायला लागली, तिला हा खेळ माहीत नव्हता. हे तिला म्हणाले, आजाले सांग, मी जेवेल शे. जेवले नव्हते. तुम्ही हसलात, डोळे मिटून. तुमच्या मागोमाग तीन वर्षांनी हे गेले, दुसऱ्या पाळीवरून आले, बूट काढले आणि तिथंच बसले. त्यांना त्यांच्या शेवटी कोणाला काही सांगायला वेळ मिळाला नाही. तेव्हापासून मी वाचत आले आहे, मिळेल ते, रात्री झोप येईपर्यंत. पुस्तकांत माणसं एकमेकांना सगळं सांगतात. चांगलं वाटतं वाचायला. पण मला हवं ते एकच बोलणं, त्या घाटातलं, ते कुठं छापलेलं नाही.

मी पोरीला काल ते सगळं सांगितलं, हुप्प्या, टॉमी, किल्ली. ती हसली, मग विचारात पडली. म्हणाली, म्हणजे तो निरोप माझ्याकडे आहे, आणि मला माहीत नाही. मी म्हटलं, असू दे, तुझ्या बाबांना पोचला होता. पण खरं सांगू का नाना, मला नाही पोचला. तुम्ही त्यांना काय म्हणालात? माफ कर म्हणालात, की माझ्या पोरीला सांभाळ म्हणालात, की नुसतंच, गाडी तिसऱ्यात चालव? यांतलं काहीही असलं तरी मला चालेल. मला फक्त तो आवाज परत ऐकायचा आहे, जाळीतून येणारा, खालच्या पट्टीतला, आणि स्टिअरिंगवरचे ते दोन हात बघायचे आहेत, एकाच वेळी, एकाच गाडीत.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, हे मला कळतं. तुमच्याकडे निरोप जायचा तर मधे लहान मूल लागतं. म्हणून आज सकाळी छोट्याला कडेवर घेऊन तुमच्या फोटोपुढं उभी राहिले आणि म्हटलं, तुझ्या पणजोबांना सांग, आम्ही उद्या निघतोय. तो तुमच्या मिशीकडे बघत राहिला. मग ‘गाडी’ म्हणाला. त्याला तेवढंच येतं.

आता झोपलेले उठतील. गाडीची डिकी पोरीनं सकाळीच भरली, बॅगा, पाण्याचे कॅन, छोट्याची घडीची गाडी, आता बोटभर जागा नाही म्हणते. तुमच्या हिशेबानं ती रिकामीच. मेळघाटातल्या पाटीवर काय लिहिलंय ते मला पाठ आहे, आणि वानरांना काही देणार नाही, पिशवी बाहेरही काढणार नाही. पण सगळ्यांची जेवणं चालू असताना मी खाली जाऊन बॅगांच्या मागं किलोभर मटार ठेवून आले आहे. पोरीला सांगितलेलं नाही.